तिळगूळ पारखायचा कसा? पहिल्यांदाच चाखायला बसणाऱ्यांसाठी

हळदीकुंकवाला दीडशे वड्या लागणार, घरी करायला सवड नाही आणि आसपास तिळगूळ विकणारी पाच ठिकाणं. कुणाकडून घ्यायचा? बहुतेक घरांत याचा निकाल डब्याच्या रंगावर किंवा शेजारच्या काकूंच्या शब्दावर लागतो. तो जिभेवर लागावा असं मला मनापासून वाटतं. गेली काही वर्षं संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही सहा जण जेवणाच्या टेबलाभोवती बसून तिळगूळ चाखतो. सुरुवातीला फक्त विकतचा असायचा, मग घरोघरच्या वड्याही त्यात आल्या. त्यातून जे हाती लागलं ते नव्याने बसणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

तिळाच्या वडीत जिन्नस मोजके असतात. तीळ, गूळ, दाण्याचं कूट, थोडं तूप, वेलची, कुणी सुकं खोबरं घालतं. मसाल्याआड काही लपवायची सोय नाही. त्यामुळे तीळ भाजताना घाई झाली का, गूळ कसला होता, पाक कुठे थांबवला, हे सगळं वडीत उतरतं. चाखायचं म्हणजे तोंडातल्या वडीपासून करणाऱ्याच्या कढईपर्यंत उलट्या पावलांनी जायचं. हे जमायला लागलं की ‘आवडली’ आणि ‘चांगली झाली आहे’ यांतला फरकही आपोआप कळतो.

काय आणायचं

एका बैठकीत एकच प्रकार घ्या. कडक वडी असेल तर सगळ्या कडक वड्या, मऊ लाडू असतील तर सगळे लाडू. काटेरी हलवा, रेवडी आणि वडी एकत्र मांडली की प्रत्येक जण आपला लाडका प्रकार उचलतो आणि तुलना राहून जाते. नमुने जास्तीत जास्त सहा. गोडाने जीभ लवकर थकते आणि सातव्या वडीला सगळं सारखंच लागायला लागतं.

प्रत्येक ठिकाणाहून पाव किलो पुरे. शक्यतो एकाच दिवशी आणा आणि कधी केलाय ते विचारा. आठ दिवसांपूर्वीची वडी आणि कालची वडी शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे.

आता नवख्यांनी हमखास करावं असं एक काम. वड्यांच्या जोडीला पाच छोट्या वाट्या भरून ठेवा: एकीत कच्चे तीळ, दुसरीत मंद आचेवर नीट भाजलेले, तिसरीत मुद्दाम जास्त भाजलेले, चौथीत साध्या गुळाचा खडा, पाचवीत चिक्कीच्या गुळाचा. बैठकीच्या आधी हे एकेक चाखायचं. कच्चट म्हणजे काय, करपट म्हणजे काय, हे एकदा सुटं कळलं की वडीत ते शोधायला त्रास पडत नाही. कर्नाटकात संक्रांतीला वाटतात त्या एळ्ळु-बेल्ल्याची मला इथे नेहमी आठवण होते. त्यात पाक नसतोच. तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळं नुसतं एकत्र केलेलं असतं. देताना म्हणतात तेही आपल्या ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’सारखंच. सीमेकडच्या कुणी पाहुण्यांनी ते आणलं तर जरूर चाखा. तिळगुळाचे सगळे घटक तिथे वेगवेगळे भेटतात.

बसण्यापूर्वी

सकाळी अकराची वेळ उत्तम. नाश्ता पचलेला असतो आणि जेवणाची भूक नुकती लागत असते. त्याआधी तासभर चहा, कॉफी, पान, लवंग, वेलची काही नको. गजरा आणि अत्तरही नको. सणाचे दिवस म्हणून ही अट अनेकींना जड वाटते. पण चवीचा मोठा भाग नाकाने कळतो आणि मोगऱ्यापुढे भाजलेल्या तिळाचा वास टिकत नाही. उदबत्ती विझवा, फोडणीचं काम दुपारवर टाका.

प्रत्येकासमोर कोमट पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे किंवा कोरड्या फुलक्याचे तुकडे ठेवा. थंड पाण्याने तूप आणि तिळाचं तेल जिभेवर आणखी बसतं, कोमट पाण्याने ते सुटतं. वड्या आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर काढा. गार वडी खरी आहे त्याहून कडक आणि कमी गोड लागते.

आणि आधी विचारून घ्या: तीळ किंवा शेंगदाणे कुणाला सोसत नाहीत का? तिळाची अॅलर्जी खरी असते आणि काहींना ती जिवावर बेतते. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तिळाला प्रमुख अॅलर्जीकारक अन्नांच्या यादीत नववं स्थान मिळालं आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या पाकिटांवर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांत संक्रांतीला घरचे लाडू वाटणाऱ्यांनी ताटाजवळ तशी चिठ्ठी ठेवावी, हे मी कळकळीने सांगते. मधुमेह असलेल्यांनी ‘गूळच तर आहे’ या समजुतीवर राहू नये. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

नावं झाका

घरातल्या एकाला चाखण्यातून वगळा. सगळी मांडामांड त्याची. त्याने वड्यांचे ओबडधोबड तुकडे करायचे, कारण वडीच्या आकारावरूनच अनेकांना दुकान ओळखता येतं. एकसारख्या वाट्यांमध्ये तुकडे ठेवून प्रत्येक वाटीवर तीन आकडी नंबर टाकायचा: ४१७, ८६२, २३५ असे, कसलाही क्रम नसलेले. ‘१, २, ३’ किंवा ‘अ, आ, इ’ लिहिलं की पहिल्याला नकळत पहिला नंबर मिळतो. कोणत्या नंबरची वडी कुठली, ते त्याच्याच वहीत राहू द्या.

प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने चाखायचं. सर्वांनी एकाच वाटीपासून सुरुवात केली तर तिला भुकेचा फायदा मिळतो आणि शेवटच्या वाटीला थकव्याचा फटका बसतो.

शिवाय एक नमुना गुपचूप दोन वेगवेगळ्या नंबरांनी ठेवायला सांगा. एका वर्षी मी एकाच वडीला सुरुवातीला आठ गुण दिले आणि पाचव्या वाटीत तीच पुन्हा आली तेव्हा पाच. मधे काळ्या तिळाची वडी येऊन गेली होती, तिचा कडसरपणा जिभेवर राहिला होता. तेव्हापासून आम्ही दोन नमुन्यांमध्ये घड्याळ लावून दोन मिनिटं थांबतो आणि काळ्या तिळाच्या वड्या सगळ्यांत शेवटी ठेवतो.

एक तुकडा, सहा वेळा लक्ष

अर्ध्या वडीएवढा तुकडा घ्या. आधी बघा: तीळ अख्खे आहेत की भरडलेले, रंग एकसारखा आहे की मधूनच काळे ठिपके दिसताहेत, वरून तूप सुटलंय का.

मग कानाजवळ धरून मोडा. कडक वडी ‘टक्’ करून तुटली पाहिजे. आवाज न होता वाकली तर एक तर पाक कमी आला किंवा वडी सादळली. मऊ वडी मोडताना आवाज नसावा, पण भुगाही होऊ नये.

नुकत्या मोडलेल्या कडेचा वास घ्या. वडीचा खरा वास तिथेच असतो, वरचा पृष्ठभाग डब्यात फिका पडतो.

आता नाक चिमटीत धरून चावायला सुरुवात करा. नुसती गोडी कळेल, थोडा खारटपणा, थोडा कडूपणा. चार-पाच वेळा चावून झालं की नाक सोडा. तीळ, वेलची, गुळाचा रसदार वास, सगळं एकदम येतं. पहिल्यांदा करणारे इथे थक्क होऊन हसतात.

चावत राहा आणि दातांकडे लक्ष द्या. वडी दाताला किती धरते? तिळाचं तेल कधी सुटतं? गिळल्यावर मनातल्या मनात तीस आकडे मोजा आणि तोंडात काय उरलं ते लगेच लिहा. खवटपणा आणि करपटपणा बहुधा या शेवटच्या टप्प्यावर पकडला जातो. बोलू नका. एकाने ‘अहाहा’ म्हटलं की बाकीच्यांची जीभ त्याच्यामागे जाते.

वडी उलटी वाचताना: तीळ

तिळाच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं. मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, तीळ तडतडू लागून किंचित फुगेपर्यंत भाजले की खमंगपणा येतो. आच मोठी असेल तर बाहेरून रंग येतो आणि आत दाणा कच्चा राहतो. अशी वडी दिसायला सुरेख असते. पण चावल्यावर आधी खमंग लागते आणि मग मध्येच ओलसर, पिठूळ चव येते. त्याउलट जास्त भाजलेल्या तिळाचा कडूपणा गिळल्यावरही घशाशी राहतो.

पण प्रत्येक कडूपणा भाजण्याचा दोष नसतो. बिनपॉलिशच्या तिळाच्या टरफलात ऑक्झॅलेट असतात, त्यामुळे तो जात्याच किंचित कडसर आणि तुरट लागतो. पॉलिशचा पांढरा तीळ सौम्य असतो. मला बिनपॉलिशचाच आवडतो, कारण त्याच्या तुरटपणामुळे गुळाची गोडी एकसुरी होत नाही. नवख्यांनी दोन्ही शेजारी ठेवून एकदा चाखावेत: टरफलाचा कडसरपणा चावता चावता जातो, करपलेला तीळ मात्र मागे रेंगाळतो.

खवटपणाचं काय? जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास. तिळाच्या तेलात ते टिकवणारी नैसर्गिक द्रव्यं असल्यामुळे ते तसं लवकर खराब होत नाही. वडीत खवट वास आला तर आधी दाण्याच्या कुटावर आणि खोबऱ्यावर संशय घ्या. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा तेच निघतं.

गूळ

संक्रांत अगदी योग्य वेळी येते. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटतात आणि जानेवारीत बाजारात नव्या हंगामाचा गूळ असतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सगळ्याच दुकानदारांकडे ‘कोल्हापुरी’ म्हणून मिळतो तो तिथलाच असेल असं धरून चालू नका.

गुळाची गोडी साखरेसारखी सरळ नसते. तिच्यात किंचित आंबूस, किंचित मातकट, कधी काकवीची आठवण देणारी छटा असते. वडी नुसतीच गोड लागली, गिळताच चव संपली, तर त्यात साखर मिसळली असण्याची शक्यता आहे. गूळ स्पष्ट खारट लागला तर त्याचं मूळ बहुतेक उसाच्या खारवट जमिनीत किंवा पाण्यात असतं, करणाऱ्याने मीठ घातलेलं नसतं. दाताखाली कचकच आली तर गूळ विरघळवून गाळलेला नाही.

रंगावरून निकाल देऊ नका. पिवळाधमक गूळ पाहून ‘हायड्रो घातलाय’ म्हणणारे आणि काळपट पाहून ‘सेंद्रिय आहे’ म्हणणारे, दोघेही घाई करतात. रंग उजळ करायला हायड्रो वापरतात हे खरं. पण रंग उसाची जात, माती, रस किती स्वच्छ केला आणि किती वेळ उकळला यांवरही ठरतो. रसायनाचा निर्णय प्रयोगशाळेने द्यायचा असतो, जिभेने नाही.

पाक

बहुतेक वड्या इथेच जिंकतात किंवा हरतात. पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बघायची आपली जुनी रीत अगदी बरोबर आहे. साखरेचा पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला आला की थेंबाची मऊ गोळी होते, १४६ ते १५४ अंशांना पोचला की थेंब पाण्यात कडक होऊन तुटतो. गुळाचा पाक थर्मामीटरला इतका नेमका जुमानत नाही, पण क्रम तोच. मऊ वडीला गोळीबंद पाक, चिक्कीला कडक.

या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी थांबलेल्या पाकाची वडी चिवट होते. ती दाताला घट्ट धरते आणि कवळी असलेल्या आजोबांना रडवते. गोळीच्याही आधी थांबली तर वडी हाताला चिकटते, दोन दिवसांत पसरते. पाक पुढे गेला तर लाडू वळत नाही, आणि वळलाच तर दगड होतो.

कडक वडीतला पाक म्हणजे एक प्रकारची काचच असते. साखरेला दाणे धरायला वेळ न मिळता ती गोठलेली असते. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोडं असतंच, त्यामुळे दाणे सहज पडत नाहीत. पण त्याच कारणाने वडी हवेतला ओलावाही ओढते. मुंबई-कोकणात उघडी राहिलेली चिक्की संध्याकाळपर्यंत नरम पडते, सोलापुरात तीच दोन दिवस टिकते. म्हणून सादळलेल्या वडीचे गुण कापण्याआधी तिचा डबा किती वेळ उघडा होता ते आठवा.

कडक वडी हलकी, जाळीदार लागली तर पाकात खाण्याचा सोडा घातलेला असतो. बेताचा असेल तर वडी सुरेख खुसखुशीत होते. जास्त झाला की शेवटी किंचित साबणासारखी चव येते, तीस आकडे मोजताना ती नक्की सापडते.

काटेरी हलव्याची बैठक वेगळी

हलव्याला मी वेगळा रविवार देते, कारण त्यामागची मेहनत वेगळ्याच जातीची आहे. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, खसखस, साबुदाणा, मगज किंवा लवंग, आणि त्यावर चमच्या-चमच्याने साखरेचा पाक सोडत हाताने सतत हलवत राहायचं. एक थर सुकला की दुसरा. असं कित्येक तास, अनेकदा काही दिवस. कोरड्या थंडीत काटा चांगला फुलतो, ढगाळ दमट हवेत तो बसकाच राहतो. जपानमध्ये कोंपेतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी आहे. तिचं नाव पोर्तुगीज भाषेतून गेलंय, आणि १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती काचेच्या बाटलीतून भेट दिली होती. आपल्या आज्या जे शेगडीपुढे बसून करत आल्या ते तिकडचे कारागीरही आठवडे-दोन आठवडे घालवून करतात, हे कळल्यापासून हलव्याचा दाणा मी जरा जास्तच आदराने हातात घेते.

दाणा आधी उजेडात बघा. काटे सगळ्या बाजूंनी आणि टोकदार हवेत. यंत्राच्या फिरत्या भांड्यातल्या हलव्याचा काटा बहुधा बोथट, गुळगुळीत असतो. पिवळसर झाक असेल तर शेगडीची आच जास्त झाली किंवा साखरेची मळी नीट काढली नाही. तोंडात टाकून आधी फक्त चोखा: काटे जिभेला टोचून हळूहळू विरघळले पाहिजेत. मग चावा. आतला दाणा ताजा आणि कुरकुरीत हवा. लवंगेचा हलवा शेवटी ठेवा, त्यानंतर तासभर दुसरं काही कळत नाही.

दागिन्यांचा हलवा चाखायचा नाही. त्यात तार, दोरा, डिंक असतो. बोरन्हाणात बाळ गळ्यातला हार तोंडात घालतं तेव्हा कुणीतरी जवळ असावं. शेंगदाण्याचा किंवा लवंगेचा टणक दाणा अगदी लहान मुलांच्या हाती देऊच नये, घशात अडकतो.

लिहायचं काय

‘छान’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ हे तीन शब्द आमच्या टेबलावर बंद आहेत. आपल्याकडे नेमके शब्द भरपूर आहेत: खमंग, कच्चट, करपट, खवट, कडसर, तुरट, मातकट, खुसखुशीत, कुरकुरीत, ठिसूळ, रवाळ, चिवट, वातड, मऊसूत, सादळलेली. कागदाच्या डाव्या बाजूला नंबर, पुढे तीळ, गूळ, पाक असे तीन रकाने आणि प्रत्येकात असा एकेक शब्द. शेवटी नऊपैकी गुण. नऊच का, तर अन्नपदार्थांची आवड मोजायला नऊ पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरतात आणि तिचा मधला आकडा पाच ‘ना आवडली ना नावडली’ असा स्पष्ट राहतो.

दोन वड्यांत खरंच फरक आहे का अशी शंका आली, समजा एक दुप्पट महाग आहे, तर तीन वाट्यांची परीक्षा घ्या. दोन वाट्यांत एक वडी, तिसरीत दुसरी, आणि वेगळी वाटी ओळखायची. नुसता अंदाज केला तरी तिनातून एकदा बरोबर येतं. म्हणून सहापैकी चौघांना ओळखता आली एवढ्यावर हुरळू नका, निव्वळ नशिबाने तेवढं किंवा त्याहून चांगलं दहातून एकदा घडतं. पाच किंवा सहा जणांनी ओळखली तर फरक आहे असं धरा. आमच्याकडे एकदा फक्त दोघांना ओळखता आली. त्या वर्षी आम्ही स्वस्तातली घेतली.

नंबर उघडल्यावर

गुणांची बेरीज करण्याआधी सगळ्यांचे शब्द मोठ्याने वाचा. चार जणांनी वेगवेगळे गुण दिले पण चौघांनीही ‘चिवट’ लिहिलं असेल, तर ती माहिती सरासरीपेक्षा मोलाची आहे. मागणी देताना तीच उपयोगी पडते. ‘मागच्या वेळची वडी बरी नव्हती’ असं सांगून करणाऱ्या बाईंना काही कळत नाही. ‘मावशी, चव सुंदर आहे, पाक जरा आणखी येऊ द्याल का, दाताला धरते’ असं म्हटलं की त्यांच्या लगेच लक्षात येतं. आम्ही ज्यांच्याकडून घेतो त्या मावशी आता स्वतःच बैठकीच्या आधी दोन घाणे पाठवतात, वेगवेगळ्या पाकाचे, आणि कुठला नंबर वर आला ते संध्याकाळी फोन करून विचारतात.

उरलेले तुकडे टाकू नका. सगळ्या नंबरांचे एकत्र करून खलबत्त्यात कुटा, चमचाभर भाजलेलं बेसन आणि जायफळ घाला, आणि संक्रांतीच्या दिवशी गुळपोळीच्या सारणात मिसळा. कडक वडीचे तुकडे मात्र अगदी बारीक करा, नाहीतर लाटताना पोळी फाटते.